गप्पांचा पार कोणाच्या मालकीचा?

२० जानेवारी २०११ ही तारीख कोणाच्याही दिनदर्शिकेत लाल अक्षरांत छापलेली नसते. त्या दिवशी सुट्टी नव्हती, मिरवणूक नव्हती, कोणी कोणाला पेढे दिले नाहीत. पण सर्वसामान्य भारतीय ग्राहकाला त्या दिवशी एक छोटा आणि मोलाचा हक्क मिळाला. मोबाइल कंपनी बदलली तरी आपला नंबर आपल्याकडेच ठेवण्याचा हा हक्क. नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरू झालेली ही सोय त्या दिवसापासून देशभर लागू झाली. तोवर कंपनीची सेवा कितीही गचाळ असली तरी माणसे तिला चिकटून राहत. कारण नंबर बदलला की दूधवाल्यापासून मुलीच्या सासरपर्यंत सगळ्यांना नवा नंबर कळवत बसणे आले. कंपन्यांनाही हे पुरते ठाऊक असे. ग्राहक जाऊ शकत नाही, हीच त्यांची खरी ठेव होती.

नंबराच्या बाबतीत ही अडवणूक संपली. पण आज आपण जिथे बोलतो, फोटो दाखवतो, वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो, राजकारणावर वाद घालतो आणि आजीच्या हातच्या लोणच्याचे प्रमाण विचारतो, त्या जागांचे काय? तिथून उठून दुसरीकडे जायचे ठरवले, तर आपली माणसे आपल्याबरोबर येतील का? आजच्या घडीला बहुतेक ठिकाणी याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे.

तंत्रज्ञानाविषयी अधूनमधून लिहीत असल्यामुळे ओळखीपाळखीची माणसे मला नाना प्रश्न विचारतात. फोन भरला, फोटो कुठे ठेवू? नवा फोन घेतला तर जुन्या गप्पा येतील ना? खाते अचानक बंद झाले, दाद कोणाकडे मागायची? आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकांनी एकदा विचारले, “अहो, मी इतकी वर्षे तिथे रोज एक आठवण लिहिते आहे. ती वही नक्की कोणाच्या कपाटात आहे?” मला वाटते, त्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी असलेला प्रश्न बाईंनी नेमका पकडला. वही आपली, अक्षर आपले, पण कपाट दुसऱ्याचे आणि किल्लीही त्याच्याच कमरेला!

हे सुरुवातीपासून असे नव्हते. रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवले आणि नाव व पत्ता यांच्यामध्ये ते सुप्रसिद्ध ‘@’ चिन्ह बसवले. त्या ईमेलला आजही कोणी एक मालक नाही. पुण्यातल्या आईचे खाते एका कंपनीत आणि टोरांटोतल्या मुलाचे दुसऱ्या कंपनीत असले तरी पत्र बिनबोभाट पोहोचते, कारण पत्र कसे पाठवायचे आणि कसे स्वीकारायचे याचे नियम सर्वांना खुले आहेत. पुढे १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी ‘यूजनेट’ची कल्पना मांडली. एका संगणकावर लिहिलेला मजकूर फोनच्या तारेवरून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाई. मध्यवर्ती कचेरी अशी नव्हतीच. देशोदेशी विखुरलेल्या मराठी माणसांचा एक कट्टाही या यूजनेटवर जमत असे. देवनागरी लिहिण्याची सोय नव्हती, तेव्हा मंडळी रोमन लिपीत मराठी लिहीत आणि वाचणारा अंदाजाने काना-मात्रा लावून घेई!

मग मोठ्या कंपन्या आल्या आणि त्यांनी चकचकीत, प्रशस्त पार बांधून दिले. प्रवेश फुकट, सावली गार, बसायला गुळगुळीत फरशी. माणसे गेली, यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. जिथे चार माणसे बसलेली असतात तिथेच पाचवा जातो. पण पार दुसऱ्याच्या मालकीचा असला की तो कधी पाडायचा हेही दुसराच ठरवतो. लक्षावधी हौशी माणसांनी आपली पाने जिथे सजवली होती ते ‘जिओसिटीज’ २००९ साली अमेरिकेत बंद झाले. भारतात ज्याने एका पिढीला इंटरनेटवरची मैत्री शिकवली ते ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ‘गूगल प्लस’ने २ एप्रिल २०१९ रोजी दारे लावली. भारतीय भाषांसाठी म्हणून गाजावाजा झालेले ‘कू’ जुलै २०२४ मध्ये गेले. यांपैकी कोणी बेकायदा काही केले असे नाही. धंदा चालला नाही, किंवा मालकाचे लक्ष दुसरीकडे गेले, इतकेच.

आमच्या नात्यातल्या एका मोठ्या कुटुंबाने असाच एक फुकटचा कट्टा काही वर्षे चालवला होता. आजोबांनी सांगितलेली घराण्याची हकीगत, मुंजीतल्या गमती, मंगळागौरीची गाणी, परदेशी गेलेल्या सुनेने विचारलेली पुरणपोळीची कृती, असे सगळे तिथे साठत गेले. सेवा बंद होणार असल्याची सूचना एका पत्त्यावर आली आणि तो पत्ता ज्यांचा होता ते गृहस्थ तोवर वारले होते. बाकीच्यांना कळले तेव्हा तिथे काहीच उरले नव्हते. पैशांत मोजावे असे नुकसान नव्हते, म्हणून तक्रार कुठे करणार? पण आजोबांची हकीगत पुन्हा कोण सांगणार?

या अनुभवांतून काही मंडळींनी जुनी वाट पुन्हा शोधली. जर्मनीतल्या ऑयगन रोख्को या तरुणाने २०१६ साली ‘मॅस्टोडॉन’ नावाची संगणकप्रणाली तयार केली. कोणीही ती विनामूल्य घ्यावी, आपल्या सर्व्हरवर बसवावी आणि आपल्या माणसांसाठी एक छोटे गाव वसवावे. गावे निरनिराळी, प्रत्येकाचे नियम निराळे. पण एका गावातल्या माणसाला दुसऱ्या गावातल्या माणसाचे लिखाण वाचता येते, उत्तर देता येते. हे दळणवळण ज्या सामाईक नियमावलीवर चालते तिचे नाव ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’. जागतिक वेबचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये तिला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. अशा सगळ्या गावांच्या समूहाला ‘फेडिव्हर्स’ म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट टपालखात्याइतकी सोपी आहे. तुमचे पोस्ट ऑफिस वेगळे, माझे वेगळे, पत्र मात्र पोहोचते.

मॅस्टोडॉनवर जाहिराती दाखवण्याची व्यवस्था नाही. लिखाण आपल्यासमोर येते ते बहुतांशी लिहिल्याच्या क्रमाने; आपल्याला चिडवून जास्त वेळ खिळवून ठेवणारे यंत्र मागे बसलेले नसते. आणि मुख्य म्हणजे, एक गाव आवडले नाही तर दुसऱ्या गावात बिऱ्हाड हलवता येते. आपले लिखाण ज्यांनी लावून घेतले आहे ती माणसे नव्या पत्त्यावर आपोआप येतात. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची ही सोय गप्पांच्या बाबतीत प्रथमच नीट जमली. अर्थात एक मेख आहे. माणसे येतात, पण जुने लिखाण नव्या गावात येत नाही. त्याची प्रत उतरवून घेता येते, एवढेच.

भारतीयांनी या गावांची वाट एकदा मोठ्या संख्येने धरली होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते बंद करण्यात आले. निमित्त झाले ते नाझी सलाम करण्यास नकार देऊन गर्दीत हाताची घडी घालून उभ्या असलेल्या माणसाच्या जुन्या छायाचित्राचे. त्यावर गदारोळ उठला आणि नोव्हेंबरमध्ये हजारो भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. पुढे काय झाले? बरीचशी माणसे काही आठवड्यांत परतली. कारण साधे होते. ज्यांच्याशी भांडायचे, ज्यांना टोमणे मारायचे आणि ज्यांची वाहवा मिळवायची, ती सगळी मंडळी जुन्या पारावरच बसलेली होती! २७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ट्विटर ताब्यात घेतल्यावर जगभरातून दुसरी, अधिक मोठी लाट आली. तेव्हा तर डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरने आपल्या सदस्यांना मॅस्टोडॉनसारख्या ठिकाणच्या पत्त्यांचा प्रचार करायलाच मनाई केली. टीका झाल्यावर हा नियम लगेच मागे घेतला गेला. पण शेजारच्या गावचा रस्ता सांगायलाही बंदी घालावीशी वाटते, यावरून मालकाची खरी मालमत्ता कोणती ते कळते. आपले एकमेकांशी असलेले संबंध, हीच ती मालमत्ता.

इथपर्यंत वाचून एखाद्याला वाटेल की मालकाला घालवले की रामराज्य आले. तसे नाही, आणि मला जे म्हणायचे आहे ते इथूनच सुरू होते. मालक गेला की झाडू आपल्या हातात येतो.

यूजनेटचेच पाहा. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनाच्या दोन वकिलांनी ग्रीन कार्डच्या सोडतीसंबंधीची आपली जाहिरात हजारो कट्ट्यांवर एकाच वेळी टाकली. कुठे संगीताची चर्चा, कुठे गणिताची, सगळीकडे तीच जाहिरात. लोक संतापले, पण हाकलणार कोण? ज्याचा कोणी मालक नाही त्याचा कोणी झाडूवालाही नसतो. पुढे फुकट्या जाहिरातींचा कचरा वाढत गेला आणि भली माणसे एकेक करून उठून गेली. आपल्याला हे परके वाटू नये. गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही, पंप बिघडला की मात्र सगळे जिन्यात जमतात, आणि सेक्रेटरीपद गळ्यात पडलेला माणूस तेवढा रात्री अकरा वाजता प्लंबरला फोन करत असतो.

फेडिव्हर्समध्ये हा सेक्रेटरी म्हणजे सर्व्हर चालवणारा माणूस. बहुधा तो हे काम नोकरी सांभाळून, रात्री जागून करतो. सर्व्हरचे भाडे आहे, फोटो-चित्रफितींना जागा लागते, तक्रारींचा निवाडा करायचा असतो, शिवीगाळ करणाऱ्याला बाहेर काढायचे असते आणि त्याबद्दल पुन्हा शिव्या खायच्या असतात. थकून काहींनी आपली गावे मिटवलीही. एकटा माणूसच थकतो असे नाही. युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण विभागाने एप्रिल २०२२ मध्ये संघाच्या संस्थांसाठी एक प्रायोगिक सर्व्हर सुरू केला होता. तो पुढे सांभाळायला दुसरी कोणती संस्था न मिळाल्यामुळे मे २०२४ मध्ये बंद करावा लागला. पैशांची ददात नसलेल्यांची ही कथा! उलट नेदरलँड्सच्या सरकारने २०२३ साली आपल्या खात्यांसाठी स्वतःचा सर्व्हर उघडला. नागरिकांशी बोलण्याची सरकारची जागा परक्या कंपनीच्या मर्जीवर नसावी, हा त्यामागचा विचार मला रास्त वाटतो.

मग गुंडांचे काय? जुलै २०१९ मध्ये द्वेषपूर्ण लिखाणासाठी बदनाम असलेल्या ‘गॅब’ या अमेरिकी संकेतस्थळाने मॅस्टोडॉनचीच प्रणाली उचलली. प्रणाली खुली असल्याने त्यांना कायद्याने अडवणे शक्य नव्हते. पण अनेक गावांनी आपापली वेस त्यांच्यासाठी बंद केली. कोणी आदेश काढला नाही. ज्याने त्याने आपल्या दारापुरता निर्णय घेतला आणि गॅब एकाकी पडले. या पद्धतीत जोखीम आहेच. एखादा सर्व्हरचालक लहरीपणाने साऱ्या शेजाऱ्याशी अबोला धरू शकतो आणि त्यात निरपराधांच्या गाठीभेटीही तुटतात. पण तेव्हा दुसऱ्या गावात जाण्याची मुभा असते. एकच मालक लहरी निघाला तर जायचे कुठे?

आता घरातल्या माणसांच्या कामाचे चार शब्द. अशा एखाद्या गावात जायचे झाले, तर सर्व्हर कसा निवडावा? मी चार गोष्टी पाहायला सांगतो. पहिली, हे चालवते कोण आणि खर्च भागतो कसा? ज्याचे उत्तर मिळत नाही तिथे बिऱ्हाड करू नये. दुसरी, चालवणाऱ्याला काही झाले तर किल्ली आणखी कोणाकडे आहे का? मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव यायचे असेल तर निदान दुसऱ्या एका माणसाकडे तातडीचा ताबा असावा, रोज प्रत काढून ठेवावी आणि बंद करायचे झाल्यास तीन महिने आधी सदस्यांना सांगावे, अशी अट आहे. कोणत्याही कुटुंबाने आपल्या कागदपत्रांसाठीही पाळावी इतकी ती शहाणपणाची आहे. तिसरी, नियम काय आहेत आणि तक्रार केली तर कोणी ऐकते का? चौथी, निघायचे झाले तर आपले काय काय बरोबर नेता येईल?

आणि दोन सावधगिरीच्या सूचना. मॅस्टोडॉनवर एखाद्यालाच उद्देशून लिहिलेला मजकूरही सर्व्हर चालवणाऱ्याला तांत्रिकदृष्ट्या वाचता येऊ शकतो. तेव्हा बँकेचे तपशील, आजारपण, घरातली भांडणे तिथे नेऊ नयेत. तसेच आपण एखादा मजकूर पुसला, तरी तो ज्या दुसऱ्या गावांत पोहोचला तिथून पुसला जाईलच याची खात्री नसते. मुलांना हे आवर्जून सांगावे. वयाची अट प्रत्येक सर्व्हरची निराळी असू शकते. खाते उघडण्यापूर्वी ती वाचावी, आणि शक्यतो मुलांबरोबर बसून वाचावी.

सगळ्यांनी उद्याच जुने पार सोडावेत असा माझा आग्रह नाही. जिथे आत्या, मावशी, शाळासोबती आहेत तिथे आपण असणारच. पण त्या पारांनाही वेशी उघडायला लावता येतात. युरोपीय संघाने २०२२ साली केलेल्या कायद्यात मोठ्या संदेशसेवांनी मागणी आल्यास इतर सेवांशी जोडणी द्यावी असे बंधन घातले आहे. आपल्याकडेही २०१६ पासून यूपीआयने दाखवून दिले की पैसे देणाऱ्याचे ॲप एक आणि घेणाऱ्याचे दुसरे असले तरी भाजीवालीचे दहा रुपये अडत नाहीत. तिथे मधली यंत्रणा एकाच संस्थेच्या हाती आहे हे खरे. पण वेगवेगळ्या कंपन्यांना एकमेकांशी बोलायला भाग पाडता येते, हे सिद्ध झाले. पैशाला जी मोकळीक मिळाली ती शब्दाला का मिळू नये, हा प्रश्न ग्राहक म्हणून, नागरिक म्हणून आपण विचारला पाहिजे. नंबराचा हक्क तरी आपल्याला कंपन्यांच्या औदार्यातून थोडाच मिळाला? तो नियम करून मिळाला.

दुसरी बाजू आपल्या सवयीची आहे. फुकटची आपल्याला फार सवय झाली आहे. वास्तविक सामाईक गोष्ट वर्गणीवर चालवण्याची विद्या मराठी माणसाला शिकवायला नको. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली सुरू झाले. गावोगावची वाचनालये, व्याख्यानमाला, भजनी मंडळे कोणा एका धनिकाच्या फायद्यासाठी निघाली नाहीत. कोणी कपाट दिले, कोणी पुस्तके दिली, कोणी संध्याकाळी दोन तास बसून नोंदी केल्या. तिथे भांडणे झाली, गटबाजी झाली, निवडणुकाही रंगल्या. पण वाचनालय आपले आहे, ही भावना त्या भांडणांतही होती. इंटरनेटवरच्या आपल्या गावांना नेमकी हीच भावना हवी आहे. मी ज्या लहानशा सर्व्हरवर लिहितो, तो चालवणारा तरुण दर तीन महिन्यांनी जमाखर्च सर्वांसमोर मांडतो. भाडे इतके, जमा इतकी, तूट इतकी. चहाच्या काही कपांच्या किमतीची वर्गणी मी पाठवतो. त्या बदल्यात मला काय मिळते? तिथे मी कोणाचे गिऱ्हाईक नसतो आणि कोणाचा मालही नसतो.

आज रविवार आहे. दुपारच्या झोपेआधी अर्धा तास काढता आला तर एक काम करण्याजोगे आहे. ज्या ज्या ठिकाणी आपण वर्षानुवर्षे लिहिले, फोटो ठेवले, तिथून आपली प्रत उतरवून घ्या. बहुतेक सेवांमध्ये ती सोय असते. ती घरातल्या एका डिस्कवर ठेवा आणि कुठे ठेवली ते आणखी एका माणसाला सांगा. आणि जो कोणी आपल्या सोसायटीचा, शाळासोबत्यांचा किंवा गावाचा कट्टा रात्री जागून सांभाळत असेल, त्याला विचारा की खर्च किती येतो, आणि एखादा रविवार त्याचे काम आपण केले तर चालेल का.